तपासणीचा दिवस आणि परतीची वाट

"आईला पुण्याला दाखवून आणायचे आहे," हे वाक्य शिरूर व दौंड तालुक्यांतील घराघरांतून सहजपणे उच्चारले जाते. ऐकणाऱ्यास वाटते, डॉक्टरांची भेट म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा विषय. प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक अख्खा दिवस, सोबत जाणाऱ्याची मजुरी किंवा रजा, आणि आजारी माणसाच्या अंगात उरलेले बळ, एवढे सारे खर्ची पडते. डॉक्टरांच्या शुल्काची पावती मिळते. या खर्चाची पावती कोणी देत नाही.

प्रस्तुत लेखात आपण या दिवसाची रचना समजून घेणार आहोत. यामागे आमचा हेतू तक्रार करण्याचा नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार अशा आजारांत उपचार पुष्कळदा मध्येच सुटतात. याचा दोष रुग्णाच्या अज्ञानाला किंवा हलगर्जीपणाला देणे सोपे असते. परंतु अनेक कुटुंबांच्या सहवासात आम्हांस असे दिसून आले आहे की, पहिली फेरी धीराने होते, दुसरी कर्तव्य म्हणून होते आणि तिसरी फेरी राहून जाते. ती राहते, कारण मागील दोन दिवसांची दमणूक आठवत असते. म्हणून हा दिवस हलका करणे हा सोयीपुरता प्रश्न नसून तो उपचाराचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.

दोन तालुके, दोन वाटा

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेजारी तालुके. दोहोंमध्ये भीमा नदी वाहते. दोन्ही ठिकाणांहून पुणे शहराचे अंतर स्थूलमानाने सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. परंतु दोन्ही वाटांचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

दौंड हे रेल्वेचे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि हे स्थानक दक्षिणेकडील व उत्तरेकडील मार्गांना जोडणारे मोठे जंक्शन बनले. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यानंतर २०१७ पासून या पट्ट्यात डेमू गाड्या धावू लागल्या. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी स्थानके घेत ही वाट जाते. भाडे अल्प आणि उतरण्याचे ठिकाण रुग्णालयांच्या जवळ, हे या वाटेचे मोठे वरदान होय. कारण ससून सर्वोपचार रुग्णालय व अन्य काही मोठी रुग्णालये पुणे स्थानकापासून जवळच आहेत. मात्र रेल्वेचा दिवस हा वेळापत्रकाचा गुलाम असतो. तपासणीस अर्धा तास अधिक लागला व गाडी चुकली, तर तो अर्धा तास पुढील गाडीपर्यंत दोन-तीन तासांचा होतो. सायंकाळच्या गाडीला नोकरदारांची गर्दी असते आणि आजाऱ्यास बसावयास जागा मिळेलच असे नाही. शिवाय मनमाड बाजूच्या काही गाड्या आता दौंडच्या मुख्य स्थानकात न येता दौंड कॉर्ड लाईन या वेगळ्या स्थानकावर थांबतात. नवख्या माणसाने तिकीट काढण्यापूर्वी आपली गाडी कोठे थांबते, हे विचारून घेतलेले बरे.

शिरूर म्हणजेच घोडनदी, हे रस्त्याचे गाव. येथे रेल्वे नाही. पुणे-अहिल्यानगर महामार्ग हीच काय ती वाट. दिवसभर एसटी मिळते, हे खरे. परंतु रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा या औद्योगिक पट्ट्यातील मालमोटारी, शिक्रापूरला चाकणकडून येऊन मिळणारी वाहतूक आणि पुढे वाघोलीची कोंडी, यांमुळे प्रवासास किती वेळ लागेल हे कोणासही सांगता येत नाही. चतुर्थीच्या दिवशी रांजणगावच्या महागणपतीला येणाऱ्या भाविकांची त्यात भर पडते. दौंडचा रुग्ण गाडीची वाट पाहून दमतो. शिरूरचा रुग्ण गाडीत बसून दमतो.

आणि शिरूर बसस्थानकावर किंवा दौंड स्थानकावर उतरले म्हणजे घर आले असे नव्हे. तेथून वाडी-वस्तीपर्यंतचे शेवटचे आठ-दहा किलोमीटर उरतातच. सायंकाळनंतर त्या वाटेवर वडाप जीप मिळाली तर मिळाली. नाही तर कोणाला तरी दुचाकी घेऊन बोलवावे लागते.

पुण्यास का जावे लागते?

आपल्या शासकीय आरोग्यव्यवस्थेची रचना पायऱ्यांची आहे. सपाटीच्या प्रदेशात साधारणपणे ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पुढे उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंध येथे आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले व १८६७ मध्ये सुरू झालेले ससून रुग्णालय ही या शिडीची वरची पायरी होय.

या रचनेमागील विचार असा की, साधा आजार खालच्या पायरीवर बरा व्हावा आणि अवघड आजार चिठ्ठी घेऊन वर जावा. परंतु चिठ्ठी वर जाते तशी खाली परत येणेही या विचारात अभिप्रेत आहे. पुण्याच्या तज्ज्ञांनी निदान केले, औषध ठरवून दिले, की रक्तदाब मोजणे, साखर पाहणे, नेहमीच्या गोळ्या घेणे ही कामे गावाजवळच्या केंद्रात होऊ शकतात. पुष्कळ कुटुंबांना हे कोणी सांगितलेले नसते. तीस दिवसांच्या गोळ्या संपल्या म्हणून ते पुन्हा सत्तर किलोमीटर जातात. आणि जाणे झाले नाही, तर गोळ्याच बंद होतात. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे औषध थांबले तरी काही काळ काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. धोका नेमका तेथेच आहे.

रुग्णालयात वेळ कोठे जातो?

मोठ्या रुग्णालयातील दिवस एका रांगेचा नसतो, अनेक रांगांचा असतो. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त देण्याची रांग, सोनोग्राफी किंवा क्ष-किरणाची रांग, अहवालाची प्रतीक्षा, अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांची रांग आणि शेवटी औषधांची रांग. यांपैकी प्रत्येक रांग समजण्याजोगी आहे. परंतु त्या एकापुढे एक जोडल्या गेल्या की दिवस संपतो. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ टळली तर अहवाल हातात असूनही तो दाखविण्यास दुसरा दिवस उजाडावा लागतो.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्रत्येक विभागाचे अनेक गट असतात. त्यांस युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचे बाह्यरुग्ण तपासणीचे वार ठरलेले असतात. ज्या डॉक्टरांनी प्रथम पाहिले त्यांनाच पुन्हा दाखवावयाचे असेल, तर त्याच वारी जावे लागते. सोमवारचा रुग्ण गुरुवारी गेला तर त्याचा इतिहास नव्याने सांगावा लागतो आणि कधी तर त्यास परत पाठविले जाते. केसपेपरवर युनिट व वार ठळक अक्षरांत लिहून घेणे, हे साधे काम एक अख्खी फेरी वाचवू शकते.

एकाच घरातील दोघे-तिघे एकाच दिवशी दाखवावयाचे असतील, तर क्रमालाही महत्त्व आहे. उपाशीपोटी द्यावयाचे रक्त सर्वांत आधी. उपाशीपोटीच्या साखरेसाठी सुमारे आठ तास काही खाल्लेले नसावे लागते आणि जेवणानंतरची तपासणी दोन तासांनी करावी लागते. म्हणजे एका साखरेच्या तपासणीतच सकाळ जाते. डोळ्यांची तपासणी शक्यतो शेवटी ठेवावी. कारण बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास दृष्टी धूसर राहते, उन्हाचा त्रास होतो आणि एकट्याने प्रवास करणे किंवा वाहन चालविणे धोक्याचे ठरते. हा क्रम उलटा झाला, तर धूसर डोळ्यांनी व रिकाम्या पोटी रांगेत उभे राहण्याची पाळी येते.

तीन विलंब आणि न मोजलेला चौथा

अंतर व उपचार यांचे नाते नव्याने सापडलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील डॉ. एडवर्ड जार्व्हिस यांनी मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की, रुग्णालय जसजसे दूर, तसतसे तेथे येणारे रुग्ण कमी. दूरच्या गावांत आजार कमी होता असे नव्हे. वाट लांब होती.

पुढे १९९४ मध्ये सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूंचा विचार करताना तीन विलंबांची मांडणी केली. उपचार घ्यावा हे ठरविण्यातील विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. जगभरातील आरोग्य कार्यकर्ते आजही ही मांडणी वापरतात. हे तीन विलंब एकमेकांपासून अलग नाहीत, हे तिचे मर्म होय. रस्ता वाईट आहे आणि रुग्णालयात ताटकळावे लागते हे ठाऊक असलेले घर मुळात निघण्याचा निर्णयच उशिरा घेते.

शिरूर-दौंडच्या दिवसाकडे पाहता या तिन्हींस आणखी एक जोडावा असे आम्हांस वाटते: परतीचा विलंब. रुग्णालयाच्या दृष्टीने औषधाची चिठ्ठी दिली की काम संपते. रुग्णाच्या दृष्टीने दिवसाचा सर्वांत कठीण भाग तेथून सुरू होतो. सकाळी अंगात उमेद असते. सायंकाळी ती संपलेली असते. वृद्ध स्त्रिया स्वच्छतागृहाच्या भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे रुग्ण प्रवासाच्या दिवशी ती गोळीच टाळतात. तासन् तास पाय खाली सोडून बसल्याने पायांवर सूज येते. डायलिसिसचा रुग्ण सुमारे चार तास यंत्राला जोडलेला राहून गळून गेलेला असतो आणि हे त्याला आठवड्यातून दोन-तीनदा करावयाचे असते. अशा माणसास परतीच्या गाडीत उभे राहावे लागले, तर उपचाराने दिलेले बळ प्रवास काढून घेतो.

परतीची वाट शासनाने कधी मोजलीच नाही, असे मात्र नाही. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूतीनंतर माता व बालकास घरी पोहोचविण्याची विनामूल्य सोय अंतर्भूत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या उपचार-संचातही रुग्णालयातून घरी जाण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या द्वितीय वर्गाचे भाडे धरलेले आहे. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना रुग्ण घरी परततो हे स्मरले होते. परंतु ही दुसरी सोय रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांसाठी आहे. सकाळी जाऊन सायंकाळी परतणारा बाह्यरुग्ण त्यात बसत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणीबाणीसाठी आहे. तीही घरी सोडत नाही. नेहमीच्या तपासणीचा दिवस हा असा सर्व योजनांच्या मधल्या फटीत सापडतो.

सोबत जाणारी व्यक्ती

आजाऱ्याबरोबर कोण जाते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी. ती पहाटे उठून घरच्यांचा स्वयंपाक करते, डबा बांधते, कागदपत्रांची पिशवी सांभाळते, रांगेत उभी राहते, डॉक्टरांचे बोलणे लक्षात ठेवते आणि रात्री घरी येऊन पुन्हा चुलीपाशी जाते. मुलगा गेला तर रांजणगावच्या कारखान्यातील एक पाळी बुडते. शेतमजूर गेला तर रोज बुडतो. उपचार विनामूल्य असले तरी दिवस विनामूल्य नसतो. घरात या दिवसावरून कुरबूर होते, आणि ती कानी पडलेला वृद्ध पुढच्या वेळी स्वतःच म्हणतो, "आता मला बरे वाटते, जायला नको." त्या वाक्याचा अर्थ नेहमी बरे वाटणे असाच नसतो, हे मुलांनी ओळखावयास हवे.

सेवा जवळ आणणारे

या प्रश्नावरचे मूळ उत्तर आपल्याच परिसरात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे, हा त्या कामाचा कणा होता. रुग्णाने शहरात यावे याऐवजी रुग्णालयाने गावात जावे, ही त्यामागील दृष्टी. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढू येथील काम त्यांच्या पश्चातही सुरू आहे.

तत्पूर्वी, १९७० साली, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने हीच वाट धरली होती. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया रक्तदाब मोजू शकतात, गरोदर मातेचा धोका ओळखू शकतात आणि कोणास पुढे पाठवावे हे ठरवू शकतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. १९७९ मध्ये त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार लाभला. १९७८ च्या आल्मा-आटा येथील जागतिक घोषणेने आरोग्यसेवा लोकांच्या राहत्या व कामाच्या जागेच्या शक्य तितकी जवळ असावी असे म्हटले, त्यावेळी जामखेडला ते घडतच होते. जी तपासणी गावात होऊ शकते तिच्यासाठी माणसाला प्रवास करावयास लावू नये, हा या साऱ्या कार्याचा साधा सारांश.

दिवस हलका कसा करावा?

वाचकांच्या उपयोगासाठी काही गोष्टी येथे नोंदवितो.

एक, प्रत्येक भेटीच्या शेवटी डॉक्टरांना विचारावे: पुढची भेट येथेच आवश्यक आहे का, की आमच्या जवळच्या केंद्रात चालेल? रक्ताच्या तपासण्या आधी गावाकडे करून अहवाल आणले तर चालतील का? तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणाऱ्या एचबीए१सी तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. ती पुरेशी आहे का, हेही विचारावे.

दोन, १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि औंधचे जिल्हा रुग्णालय त्यात येतात. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात येत नाहीत, हा भेद ध्यानात ठेवावा.

तीन, ई-संजीवनी या शासकीय सेवेद्वारे २०२० पासून घरबसल्या मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. जुन्या आजाराची विचारपूस व अहवाल दाखविणे यांसाठी ती उपयोगी पडते. अंगावर हात ठेवून करावयाची तपासणी मात्र तिने होणार नाही.

चार, प्रवासाच्या सवलतींची माहिती घ्यावी. एसटीमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास आहे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. परंतु कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या ठराविक आजारांच्या रुग्णांची सवलत बंद केलेली नाही. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो.

पाच, शिरूरकडून येणाऱ्यांनी मेट्रोचा विचार अवश्य करावा. मार्च २०२४ मध्ये मेट्रो नगर रस्त्यावरील रामवाडीपर्यंत आली. तेथे उतरून मेट्रोने पुणे रेल्वे स्थानकापर्यंत जाता येते व शहरातील कोंडी टळते. रामवाडीपासून वाघोलीकडे जाणाऱ्या विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.

सहा, पिशवीत जुने सर्व कागद तारखेच्या क्रमाने, चालू गोळ्यांची यादी, पाणी, डबा आणि मधुमेहाच्या रुग्णासाठी साखर असावी. उपाशीपोटी जावयाचे असल्यास सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घ्यावे की नाही, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवावे.

सात, परतीची व्यवस्था निघण्यापूर्वीच ठरवावी. शेवटची सोयीची गाडी कोणती, स्थानकावर न्यावयास कोण येणार, त्या रात्रीचा स्वयंपाक कोण करणार. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्यांनी द्यावे, असे आम्ही सुचवितो.

आजाऱ्याच्या भेटीस फळे घेऊन जाण्याची आपली रीत चांगली आहे. परंतु माणूस अंथरुणास खिळण्याआधी, तो तपासणीसाठी ये-जा करीत असतानाच त्यास अधिक गरज असते. वस्तीतील चार घरांनी आपापल्या रुग्णांचे वार एकमेकांस सांगितले, तर एक जण दोघांसोबत जाऊ शकतो, एक वाहन दोन घरांस पुरते. सायंकाळी दुचाकी घेऊन फाट्यावर उभा राहणारा एखादा तरुण कोणत्याही योजनेत नसलेली ती शेवटची काही मैलांची सोय करू शकतो. आपल्या शेजारी पुढील महिन्यात कोणाची तिसरी फेरी आहे, एवढे जरी आपण आज विचारले, तरी ती फेरी चुकणार नाही अशी आशा ठेवण्यास जागा आहे.